थकव्याचा आकडा

माझा दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. उभं आयुष्य त्याने लिफ्टच्या टपावर, अंधाऱ्या शाफ्टमध्ये, हातात बॅटरी आणि पान्हे घेऊन काढलं. घरी आला की म्हणायचा, "माझ्याइतका चढलेला आणि माझ्याइतका उतरलेला माणूस तुम्हाला शोधून सापडायचा नाही." विनोद जुना होता, पण दर वेळी आत्ताच सुचल्यासारखा सांगायचा आणि आपणच आधी हसायचा.

स्वस्थ बसणं त्याच्या रक्तातच नव्हतं. माझ्याकडे पाहुणा म्हणून आला तरी चहा होईपर्यंत दाराची बिजागरी काढून तेल घालून परत बसवलेली असायची. सुट्टीच्या दिवशी तो शेजाऱ्यांची पंख्यांची बटणं, सायकली, कुणाच्या म्हातारीची चाकाची खुर्ची, काय काय घेऊन बसायचा. वहिनी म्हणायची, "ह्यांना रविवार आला की अंगावर काटा येतो. मोडकं काही मिळालं नाही तर चांगलं मोडतील."

एवढं सांगण्याचं कारण, पुढे जो माणूस आमच्या वाट्याला आला तो हाच, यावर आमचा कुणाचा विश्वास बसेना. त्याचा स्वतःचासुद्धा.

चाळिशी ओलांडल्यावर त्याला दमा झाला. आमच्या घराण्यात कुणाला दमा नव्हता. शाफ्टमधली धूळ, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मग नाकात मांस वाढलं. ते कापलं, तर पुन्हा वाढलं. तोंडाने श्वास घेत झोपायचा आणि सकाळी घसा कोरडा पडला म्हणून चिडायचा. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाक पाहिलं, छातीच्या डॉक्टरांनी छाती. प्रत्येकाने आपापलं अंगण झाडलं आणि चांगलं झाडलं. त्यांचाही दोष म्हणता येणार नाही. असा रोगी त्यांनी पूर्वी पाहिलेलाच नव्हता.

मग ती चप्पल. जेवणाच्या टेबलावरून उठून तो न्हाणीघराकडे निघाला, तर वहिनीने मागून हाक मारली, "अहो, एक चप्पल टेबलाखालीच राहिली की."

त्याने खाली पाहिलं. उजवा पाय उघडा होता. चप्पल निसटली होती आणि पायाला त्याचा पत्ताच नव्हता. दादा हसला. म्हणाला, "चपलेलाही माझा कंटाळा आलेला दिसतोय."

पुढच्याच आठवड्यात तो एका इमारतीत लिफ्टच्या टपावर उतरत होता. पाऊल उचललंच गेलं नाही, चवडा कडेला अडकला आणि तो पुढे झुकला. जोडीदाराने कमरेचा पट्टा मागून धरला म्हणून वाचला. त्या जोडीदारालाच दादा नंतर शिव्या घालत होता, "एवढ्या जोरात ओढतात का रे, बरगडी दुखतेय माझी!" जोडीदार मात्र घरी येऊन वहिनीसमोर बसला आणि काय झालं असतं ते पुन्हा पुन्हा सांगत राहिला. कंपनीने दादाला त्याच दिवशी शाफ्टमधून काढलं आणि सुट्या भागांच्या गोदामात खुर्चीवर बसवलं. खुर्चीवर बसलेला दादा मी तिथे पहिल्यांदा पाहिला.

हाडांच्या डॉक्टरांना वाटलं, कमरेत शीर दाबली गेली असेल. कमरेचे फोटो स्वच्छ आले. तोवर डाव्या हाताच्या दोन बोटांना मुंग्या यायला लागल्या होत्या. शेवटी त्यांनीच सांगितलं, "हे माझ्या आवाक्यातलं नाही. मोठ्या शहरातल्या इस्पितळात एक बाई आहेत, त्यांना दाखवा."

मी गाडी चालवायला शिकवते. तो माझा धंदाच. तेव्हा नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे आलं. दादा शेजारच्या सीटवर, वहिनी मागे फायलींची पिशवी मांडीवर घेऊन.

डॉक्टरबाई बुटक्या, पांढऱ्या केसांच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी नाकापासून सुरुवात केली आणि पायाच्या अंगठ्यापर्यंत सगळं विचारलं. रक्त काढलं, घोट्याजवळच्या नसेचा बारीक तुकडा तपासायला घेतला. पुढच्या खेपेला आम्हाला समोर बसवून त्यांनी रोगाचं नाव सांगितलं. ते इतकं लांब होतं की दादाने निम्म्यातच हात जोडले.

"सोपं करून सांगते," त्या म्हणाल्या. "रक्तवाहिन्यांना सूज येण्याचा आजार आहे. शरीराचे जे राखणदार असतात ना, तेच उठून तुमच्या बारीक रक्तवाहिन्यांवर हल्ला करतायत. नळी सुजते, आतून बुजते, पुढे रक्त जात नाही. दमा, नाकातलं मांस, पाय, सगळं त्याच एका भांडणातलं."

"म्हणजे कुंपणच शेत खातंय," दादा म्हणाला.

"तसंच."

"किती जणांना होतं हे?"

"लाखात एखाद्याला."

दादा वहिनीकडे वळला. "बघ. आई जन्मभर सांगत होती, माझा मुलगा लाखात एक आहे. कुणाला पटत नव्हतं."

डॉक्टरबाई खळखळून हसल्या. वहिनी रडायला लागली.

मग स्टेरॉइड सुरू झालं. श्वास मोकळा झाला, पण चेहरा वाटोळा झाला, गाल वर आले, भूक राक्षसासारखी लागायला लागली. रस्त्यात भेटणारे म्हणायचे, "वा, तब्येत सुधारली! बाळसं धरलंय की." दादा मान डोलवायचा. घरात मात्र भांडं पडलं तरी अंगावर धावून यायचा आणि पाच मिनिटांनी हुंदके देत माफी मागायचा. पायाला पोटरीपासून तळव्यापर्यंत प्लॅस्टिकची पट्टी आली. त्या पायासाठी एक माप मोठा बूट घ्यावा लागायचा, म्हणजे प्रत्येक वेळी दोन जोड. उरलेले दोन बूट त्याने फेकू दिले नाहीत. म्हणायचा, "याच्या उलटा रोगी भेटला तर देईन."

असं वर्षभर गेल्यावर डॉक्टरबाईंनी त्या जाळ्याबद्दल सांगितलं. जाळं हा त्यांचाच शब्द.

"एका इस्पितळाकडे असे रोगी किती असणार? बोटांवर मोजण्याइतके. त्यांच्यावरून कोणतं औषध खरंच चांगलं, कुणाला रोग उलटतो, काही कळत नाही. म्हणून देशभरातली इस्पितळं आम्ही जोडलीयत. सगळीकडे तेच प्रश्न विचारायचे, त्याच पद्धतीने रक्त घ्यायचं, एका ठिकाणी गोठवून ठेवायचं. तुम्ही यात याल का? आणि एक नवं इंजेक्शन आहे. अर्ध्या लोकांना ते मिळेल, अर्ध्यांना नेहमीचं. तुम्हाला कुठलं, ते तुम्हाला कळणार नाही. मलाही नाही."

"मग कुणाला माहीत असतं?"

"दुसऱ्या शहरातल्या एका कॉम्प्युटरला."

"मग ठीक. मला कळलं असतं तर हिने संध्याकाळपर्यंत काढून घेतलं असतं."

त्याने होकार दिला. आता दर तीन महिन्यांनी जाळ्याच्या कचेरीतून एका बाईंचा फोन यायचा. आम्ही त्यांना प्रश्नवाल्या बाई म्हणायचो. नाकातून रक्त आलं का? धाप लागली का? लघवीचा रंग बदलला का? पाय, हात, डोळे, कान? दादा "नाही, नाही, तेवढंच, नाही" अशी उत्तरं द्यायचा. बाई शेवटी म्हणायच्या, "छान. रोग शांत आहे."

आणि इथूनच आमच्या घरातली खरी अशांतता सुरू झाली.

रिपोर्ट चांगले यायला लागले तसा दादा पडून राहायला लागला. सकाळी गोदामात जायचा, दुपारी परत यायचा आणि बूटसुद्धा न काढता पलंगावर आडवा. तसाच संध्याकाळपर्यंत. कंपनीने अर्ध्या दिवसाची सोय करून दिली होती, त्या अर्ध्या दिवसानेच तो पुरा व्हायचा. मी एकदा विचारलं, "झोप होत नाही का तुझी?"

"होते गं ठमे," तो म्हणाला. ठमी मी फक्त त्याच्यासाठी. "माणूस दमला की झोपतो आणि उठल्यावर बरा होतो. माझ्या आधी हा थकवाच उठून बसलेला असतो. उशाशी. मी डोळे उघडायची वाट बघत."

डॉक्टरबाईंना त्याने सांगून पाहिलं. त्यांनी रक्त पाहिलं, हृदय पाहिलं, थायरॉइड पाहिलं. सगळं ठीक. "मशीन चालू आहे, वीज आहे, दोर ठीक आहेत आणि लिफ्ट हलत नाही," दादा म्हणाला. "असल्या तक्रारीला आम्ही काय म्हणायचो माहितीय? वापरणाऱ्याची चूक." बाई या वेळी हसल्या नाहीत. पण त्यांच्याकडे द्यायलाही काही नव्हतं.

वहिनी तेव्हा एका लाँड्रीत काम करायला लागली होती. दिवसभर काउंटर, मध्येच इस्त्री, पाय सुजलेले. लेक शिकायला बाहेरगावी गेली होती. घरी आलं की वहिनीला दिसायचं काय, तर सकाळचा पेला तसाच, पडदे तसेच आणि भिंतीकडे तोंड करून आडवा पडलेला नवरा. स्वयंपाकघरातला नळ महिनोन्‌महिने ठिबकत होता. ज्या माणसाने अख्ख्या गल्लीचे नळ दुरुस्त केले, त्याच्या घरातला.

एका रविवारी मी त्यांच्याकडे पोचले, तर वहिनी बाहेर जिन्यात बसलेली.

"आत का नाही?"

तिने हनुवटीने दाराकडे खूण केली. मी आत डोकावले. दादा ओट्याखाली जमिनीवर बसला होता, हातात पान्हा, पाठ कपाटाला टेकलेली. चेहरा घामाने निथळत होता. नळ ठिबकतच होता.

"उठवत नाही," तो म्हणाला. "हात दे म्हटलं तर निघून गेली."

त्याला उठवून पलंगावर निजवलं आणि मी जिन्यात येऊन वहिनीशेजारी बसले.

"मी म्हटलं ह्यांना, रिपोर्ट चांगले आहेत ना? रोग शांत झालाय ना? मग तुम्ही का एवढे शांत? त्यावर उठले आणि पान्हा घेऊन ओट्याखाली शिरले. मला दाखवायला." तिने पदराने नाक पुसलं. "आजारी होते तेव्हा माया यायची गं. रात्र-रात्र पाय चोळलेत मी. आता बरे झालेत तर राग येतो. मी वाईट आहे का?"

"नाही," मी म्हटलं. पण खरं सांगायचं तर मलाही आतून वाटत होतंच, थोडं मनावर घेतलं तर हलेल हा. त्याचा जोडीदारही एकदा म्हणाला होता, खुर्चीची सवय लागली बहुतेक. आजार दिसत होता तोवर लोक विचारपूस करत होते. आता चेहराही पुन्हा पहिल्यासारखा होत आला होता, आणि धडधाकट दिसणाऱ्या माणसाला अंथरुणात कोण माफ करतो?

प्रश्नवाल्या बाईंचा पुढचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. बाईंनी सगळे प्रश्न विचारले. रोग शांत आहे, म्हणाल्या. दादा नेहमी "आभारी आहे" म्हणून फोन ठेवायचा, त्या दिवशी थांबला.

"बाई, एक विचारू? तुमच्या प्रश्नांत माझा प्रश्नच नाही हो."

"कुठला?"

मग तो बोलला. उशाशी बसलेल्या थकव्याबद्दल, नळाबद्दल, जिन्यात बसलेल्या बायकोबद्दलसुद्धा. शेवटी बाई म्हणाल्या, "हे लिहायला माझ्याकडे रकाना नाही. पण तुम्ही काही पहिले नाही मला हे सांगणारे. जाळ्याची वार्षिक बैठक आहे पुढच्या महिन्यात. यंदा रोग्यांनाही बोलावलंय, घरच्यांसकट. या तुम्ही. मला सांगितलंत ते तिथे सांगा."

"मी? तिथे? मला पाच मिनिटं उभं राहवत नाही."

"मग बसून सांगा."

वहिनी यायला तयार नव्हती. लाँड्रीतून सुट्टी मिळणार नाही म्हणाली. मग आदल्या दिवशी स्वतःच फोन करून मला म्हणाली, "किती वाजता निघायचंय?"

एका वैद्यकीय कॉलेजचा वरच्या मजल्यावरचा हॉल होता. भिंतीवर देशाचा मोठा नकाशा, त्यावर जागोजाग लाल टाचण्या. एकेक टाचणी म्हणजे एकेक इस्पितळ. दादा आपली टाचणी शोधत जरा उभा राहिला, नंतर खुर्ची ओढून तिथेच बसला. आत आलेल्या माणसांत कोण डॉक्टर आणि कोण रोगी, हे ओळखायला फार वेळ लागला नाही. डॉक्टर उभे होते.

दादाच्या शेजारी एक वयस्क बाई येऊन बसल्या. नाकाचा दांडा मधोमध खचलेला, जणू कुणी अंगठ्याने दाबलाय. शाळेत गाणं शिकवायच्या.

"तुमचं काय काय?" त्यांनी सरळ विचारलं.

"नाक, छाती, पाय."

"माझं नाक, कान, मूत्रपिंड."

"म्हणजे नाकाकडून नातेवाईक आपण," दादा म्हणाला.

गाण्याच्या बाई इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. "नाक बसलं आणि माझा 'म' गेला हो. मुलांना 'माझी मैना' शिकवायला गेले की 'बाझी बैना' व्हायचं. कार्टी हसायची. मीही हसायचे. मग घरी जाऊन आडवी व्हायची, ती दुसऱ्या दिवशीपर्यंत."

दादाने मान वळवून त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुम्हीसुद्धा?"

"मग? तुम्हाला काय वाटलं, तुमच्या एकट्याचाच तो मान?"

सकाळी सगळ्यांना कोरी कार्डं वाटली. आजारातलं सगळ्यात जास्त काय छळतं, ते एका-दोन शब्दांत लिहायचं. डॉक्टरांनाही कार्डं दिली. त्यांनी लिहायचं की रोगी काय लिहितील. मग दोन फळ्यांवर ती टोचली. डॉक्टरांच्या फळ्यावर मूत्रपिंड, नसा, दृष्टी, औषधांचे दुष्परिणाम होते. रोग्यांच्या फळ्यावर तेही होतं, थोडं. बाकी सगळीकडे थकवा. कुणी 'त्राण नाही' लिहिलं होतं, कुणी 'अंथरूण'. एका कार्डावर नुसतंच 'दुपार' असं लिहिलेलं होतं. दादाचं कार्ड कडेला होतं, वाकड्या अक्षरात: 'उठवत नाही'.

आमच्या डॉक्टरबाई फळ्यासमोर गेल्या, चष्मा वर करून एकेक कार्ड वाचत राहिल्या. मग वळून म्हणाल्या, "तुम्ही सांगत होतात. मी ऐकतही होते. पण हे मोजायचं कसं ते माहीत नव्हतं आणि जे मोजता येत नाही ते आमच्या कागदांवर येत नाही. आता आणावं लागेल."

जेवणानंतर एक तज्ज्ञ थकव्यावर बोलायला उभे राहिले. पडद्यावर चित्रं होती, खोलीत ऊब होती. दादाची मान हळूहळू छातीवर आली. गाण्याच्या बाईंना त्याच्याआधीच झोप लागली होती. पुढच्या रांगेत काळ्या चष्म्याचा एक माणूस घोरत होता. ते तज्ज्ञ मध्येच थांबले, खोलीभर नजर फिरवली आणि आवाज कमी करून पुढे बोलत राहिले.

वहिनी मागे चहाच्या टेबलाशी उभी होती. तिथे कुणाचा नवरा, कुणाची बायको, कुणाचा भाऊ, असे सगळे न झोपलेले जमले होते. मी पाहिलं, वहिनी बोलत नव्हती. ऐकत होती. एक टक्कल पडलेले गृहस्थ तिला सांगत होते, "मला वाटायचं, ही मुद्दाम करते. माझ्या आईचं करायला नको म्हणून."

परतीच्या वाटेवर दादा मागच्या सीटवर झोपला. वहिनी माझ्या शेजारी. शहर मागे पडलं.

"सगळे तसेच आहेत गं," ती म्हणाली.

"हो."

"मी उद्या प्लंबरला बोलावते."

यानंतर सगळं सुरळीत झालं असं म्हणायला मला आवडलं असतं. झालं एवढंच की फोनवरच्या प्रश्नांत एकाची भर पडली. गेल्या आठवड्यात थकवा किती होता? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे कल्पनेतला सगळ्यात जास्त.

दादाला हे फार लागलं. "कल्पनेतला? बाई, कल्पना करायला पण जोर लागतो."

"मग अंदाजे सांगा."

"आठ."

पुढच्या वेळी आठ. त्याच्या पुढच्या वेळी साडेसात, आणि बाई म्हणाल्या अर्धा चालत नाही, तर पुन्हा आठ. एकदा सगळे प्रश्न संपल्यावर दादाने विचारलं, "तुमचा आकडा किती हो, बाई?"

त्या हसल्या. मग हसू ओसरलं. "माझा? मला कोणी विचारलं नाही कधी." त्याच पुढे म्हणाल्या, "सात असेल. देशभर फोन करते दिवसभर. काही घरांत आता फोन उचलायला वेगळंच कोणी असतं." आणि लगेच, "हे धरू नका हं." दादाने धरलं नाही, पण तेव्हापासून तो फोनवर आधी त्यांची चौकशी करायचा.

मग थकव्यावरचाच एक अभ्यास निघाला. मनगटावर पट्टा बांधायचा, आठवड्यातून एकदा व्यायाम शिकवणाऱ्याचा फोन, दिवसाची कामं वाटून करायची, दमायच्या आधी बसायचं. दमायच्या आधी बसायचं, हे दादाला जन्मात जमलेलं नव्हतं. तरी त्याने इमाने-इतबारे केलं. आठाचे सहा झाले. त्या दिवसांत तो लेकीला भेटायला एकटा आगगाडीने जाऊन आला, आणि ती म्हणे फलाटावर त्याला धरून उभीच राहिली. अभ्यास संपला, फोन थांबले, आणि हळूहळू सहाचे सात झाले, मग पुन्हा आठ. निकाल लागला तेव्हा डॉक्टरबाईंनी सांगितलं, "सगळ्यांचं असंच झालं. चालू असताना थोडा फायदा, थांबल्यावर राहत नाही. का, ते माहीत नाही."

"म्हणजे पुन्हा शोधायचं."

"पुन्हा शोधायचं," त्या म्हणाल्या. त्यांचेही खांदे उतरलेले होते.

इंजेक्शनचा निकाल मात्र चांगला लागला. नवं औषध जुन्याच्या तोडीचं निघालं, शिवाय स्टेरॉइड कमी करता येत होतं. त्याच सुमारास दादाला रोग उलटला होता. डाव्या हातातून चमचा गळून पडायला लागला, श्वास पुन्हा शिट्टी घालायला लागला. इस्पितळात काही दिवस काढावे लागले. तिथेच डॉक्टरबाईंनी कॉम्प्युटरचं उत्तर सांगितलं. तो सगळा काळ दादा जुन्या औषधाच्या गटात होता.

वहिनीचा चेहरा पडला. "म्हणजे नवं मिळालं असतं तर हे उलटलं नसतं?"

"सांगता येत नाही. नव्या गटातही काहींना उलटलं."

दादा छताकडे बघत पडला होता. "असू दे," तो म्हणाला. "दोन पारडी असल्याशिवाय तोलणार कसं? मी एका पारड्यात होतो." मग म्हणाला, "पण आता द्या मला ते नवं."

ते दिलं. हात बराचसा परत आला, दोन बोटं सोडून. स्टेरॉइड नावापुरतं राहिलं. थकवा होता तिथेच आहे.

शाफ्टमध्ये तो पुन्हा कधीच गेला नाही. गोदामातली अर्ध्या दिवसाची खुर्चीही शेवटी सोडली. निरोपाला जोडीदार आला होता, बोलता बोलता म्हणाला, "मी तुझ्याबद्दल काहीबाही बोललो होतो." दादा म्हणाला, "मीपण बोलायचो माझ्याबद्दल. जाऊ दे."

जाळ्याने त्याला रोग्यांच्या बाजूने समितीत घेतलं. म्हणजे नवा अभ्यास ठरवताना कच्चा कागद त्याच्याकडे येतो. पडल्या पडल्या वाचतो आणि वहिनीकडून खुणा करून घेतो. त्याच्या सगळ्याच सूचना मानतात असं नाही. एकदा त्याने कळवलं, थोडं रक्त द्यायला माणसाला अर्धा दिवस प्रवास करायला लावू नका, त्याचे पुढचे दोन दिवस त्यात जातात. बराच काळ त्यावर नुसती चर्चा झाली. मग रक्त घराजवळच्या दवाखान्यात घेऊन थंड डब्यातून पाठवायची सोय झाली. काही नमुने वाटेत खराब झाले, पुन्हा चर्चा झाली. अजून चालू आहे. गाण्याच्या बाईंना ही सोय बघायला मिळाली नाही. त्यांची मूत्रपिंडं त्याआधीच गेली आणि त्यांच्यामागोमाग त्याही. त्या दिवशी दादा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. वहिनी त्याच्या पायथ्याशी कपड्यांच्या घड्या घालत बसून होती.

परवा मी त्यांच्याकडे गेले होते. दुपार होती. जाळ्याकडून नंबर घेऊन नव्या रोग्यांचे फोन हल्ली त्याला येतात. कुठल्याशा गावातली एक तरुण बाई बोलत होती, बेकरीत काम करते म्हणाली. दादा पलंगावर पडून, फोन छातीवर ठेवून स्पीकरवर ऐकत होता. तिने बरंच काही विचारलं, आणि शेवटी भीत भीत, "हा थकवा जातो का हो काका?"

दादा म्हणाला, "माझा नाही गेला, बाळ. कमी-जास्त होतो. तुझा जाईल कदाचित, सगळ्यांचं सारखं नसतं. काही लोक अगदी पहिल्यासारखे झालेले मी पाहिलेत. पण मी तुला खोटं सांगणार नाही." त्याने डोक्याखालची उशी सरकवली. "आणि सकाळचा आकडा बघून दिवस ठरवू नकोस. सकाळ फार खोटारडी असते."

मग त्याचा आवाज बारीक होत गेला. वहिनीने हात पुसले आणि फोन त्याच्या छातीवरून उचलला.

"मी काकू बोलतेय. हे आता जरा पडतील. तुझ्या घरी आणखी कोण आहे गं? नवरा? आहे का तिथे? दे बरं त्याला." ती फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली. "हां, नमस्कार. तुमची झोपायची खोली वरच्या मजल्यावर आहे का? मग ती आधी खाली आणा. नंतर नाही, या आठवड्यातच. आणि तुम्ही स्वतः जेवताय ना वेळेवर?"

दार तिने पायाने ओढून घेतलं. दादाचे डोळे मिटलेले होते. मी पडदा सरकवला, गाडीची किल्ली घेतली आणि शिकवणीला निघाले.